मल्याळम सिनेमा कुठून आला, कसा घडला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या टाळेबंदीत मल्याळम सिनेमा मराठी घरांमध्ये पोचला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. आता लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, ऑफिसात डबा खाताना त्याच्याबद्दल विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: 'ही माणसं अचानक एवढं चांगलं काम कशी करायला लागली?' त्यातला 'अचानक' हा शब्द मला मान्य नाही. खालची बरीचशी उत्तरं त्या शब्दाशी भांडण्यासाठीच लिहिली आहेत.

पहिला मल्याळम चित्रपट कोणता?

'विगतकुमारन', म्हणजे हरवलेला मुलगा. हा मूकपट होता. तो १९२८चा मानायचा की १९३०चा, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. पहिला खेळ झाला तो त्रिवेंद्रमच्या, म्हणजे तिरुवनंतपुरमच्या, कॅपिटॉल थिएटरात.

तो काढणारे जे. सी. डॅनियल यांनी सिनेमाचं शिक्षण कुठेच घेतलं नव्हतं. आधी ते मद्रासला गेले, मग मुंबईला आले. केरळातून आलेला शिक्षक आहे, मुलांना सिनेमाची माहिती द्यायची आहे, असं सांगून त्यांनी इथल्या स्टुडिओंत प्रवेश मिळवला आणि काम डोळ्यांनी बघून शिकून घेतलं. परत जाऊन जमीन विकली आणि स्टुडिओ उभा केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि नायकाची भूमिका अशी सगळी कामं त्यांनी स्वतःच केली. फाळकेंनी सुरुवातीला पौराणिक कथा घेतली होती. डॅनियल यांनी मात्र थेट सामाजिक विषयाला हात घातला. मल्याळम सिनेमाचा पुढचा स्वभाव मला या पहिल्या निवडीतच दिसतो.

पी. के. रोझी कोण होती?

या चित्रपटाची नायिका, म्हणजेच मल्याळम पडद्यावरची पहिली नायिका. रोझी दलित होती, लोकनाट्यातून काम करायची. चित्रपटात तिने सरोजिनी नावाच्या नायर घराण्यातल्या मुलीची भूमिका केली.

'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या काळात बाईने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हणजे अब्रू पणाला लावणं होतं. इथे तर ती बाई दलित, आणि पडद्यावर उच्चवर्णीय स्त्री म्हणून वावरणारी. पहिल्या खेळाला तिला थिएटरात येऊ दिलं नाही. तिच्या केसांतल्या फुलाचं नायक चुंबन घेतो त्या प्रसंगाला प्रेक्षकांतून दगड आले, पडदा फाटला. पुढे तिच्या झोपडीला आग लावली गेली. ती तमिळ प्रदेशात पळून गेली आणि उरलेलं आयुष्य तिथेच अनामिकपणे जगली. पुन्हा कधी पडद्यावर आली नाही.

डॅनियलही कर्जबाजारी झाले. त्यांनी दंतवैद्यकी पत्करली आणि १९७५ साली उपेक्षेतच त्यांचं निधन झालं. चेलंगाट्ट गोपालकृष्णन या पत्रकाराने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, म्हणून त्यांचं नाव मागे उरलं. आज केरळ सरकारचा चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार डॅनियल यांच्या नावाने दिला जातो. 'विगतकुमारन'ची एकही प्रिंट शिल्लक नाही.

मग त्या मूकपटांच्या काळातलं काहीच बघायला मिळत नाही?

'मार्तंड वर्मा' (१९३३) मिळतो, आणि त्याची प्रत आहे आपल्या पुण्यात. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या गाजलेल्या कादंबरीवरचा हा चित्रपट. निर्मात्याने कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते, त्यामुळे प्रकाशकाने कोर्टात जाऊन मोजक्याच खेळांनंतर तो बंद पाडला. प्रिंट प्रकाशकाकडे पडून राहिली आणि त्या अडगळीमुळेच वाचली. १९७४च्या सुमारास ती राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या हाती लागली. हे संग्रहालय ज्यांनी डबा डबा गोळा करून उभं केलं ते पी. के. नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे. फाळकेंच्या चित्रपटांचे अवशेष जपण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. मराठी माणसाने त्यांचं नाव कृतज्ञतेने घ्यायला हवं.

बोलपट कधी आला?

१९३८ साली, 'बालन'. निर्मिती सेलमच्या मॉडर्न थिएटर्सची आणि दिग्दर्शक एस. नोटाणी, म्हणजे निर्मातेही केरळबाहेरचे आणि दिग्दर्शकही मल्याळी नव्हे. पुढची कितीतरी वर्षं मल्याळम सिनेमा मद्रासच्या आधारानेच जगला. १९४७मध्ये कुंचाको आणि के. व्ही. कोशी यांनी आलप्पुळ्यात उदया स्टुडिओ सुरू केला, नंतर तिरुवनंतपुरमात मेरीलँड आला, तेव्हा कुठे घरच्या अंगणात काम सुरू झालं. १९५१चा 'जीवित नौका' हा पहिला तुफान चाललेला चित्रपट. पण साचा तमिळ-हिंदीचाच होता.

मग वेगळेपण आलं कधी?

१९५४मध्ये, 'नीलक्कुयिल'मुळे. रामू कार्याट आणि कवी पी. भास्करन यांनी मिळून दिग्दर्शन केलं, कथा कादंबरीकार उरूब यांची. नीली ही दलित तरुणी शाळामास्तराच्या प्रेमात पडते, तिला दिवस जातात आणि मास्तर जातीच्या भीतीने हात झटकतो. नीली मूल मागे ठेवून मरते. ते मूल गावच्या नायर पोस्टमनने उचलून घरी न्यायचं, हा त्या काळी प्रेक्षकांना बसलेला धक्का होता. के. राघवन यांनी हिंदी चालींची उचलाउचल न करता मलबारातल्या लोकगीतांच्या आणि तिथल्या मुसलमानांच्या माप्पिळा गाण्यांच्या चाली घेतल्या. लोकांना पडद्यावर पहिल्यांदा आपला आवाज ऐकू आला. ज्या भूमीत रोझीचं घर जाळलं गेलं, तिथे पंचविसेक वर्षांत हा चित्रपट बनला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. मधल्या काळात केरळात समाजसुधारणेच्या, कामगारांच्या आणि डाव्या चळवळी घडून गेल्या होत्या. हे विसरून मल्याळम सिनेमा समजणार नाही. तरीही नीलीची भूमिका मिस कुमारी यांनी केली, दलित अभिनेत्रीने नाही, हेही नोंदवायला हवं.

पुढच्याच वर्षी पी. रामदास आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी 'न्यूजपेपर बॉय' काढला. इटालियन नववास्तववादाचा संस्कार असलेला हा चित्रपट 'पथेर पांचाली'च्या काही महिने आधी आला. तो चालला नाही.

सगळे म्हणतात, त्यांच्या पटकथा चांगल्या असतात. याचं कारण काय?

कारण त्यांचे लेखक सिनेमाला कमी लेखत नव्हते. वैक्कम मुहम्मद बशीर यांनी स्वतःच्या कथेवरून 'भार्गवी निलयम' (१९६४) लिहिला. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबऱ्या पडद्यावर आल्या. एम. टी. वासुदेवन नायर तर एकीकडे भाषेतले अग्रगण्य कथाकार आणि दुसरीकडे धंद्यातले सर्वांत मागणी असलेले पटकथाकार. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'निर्माल्यम'ला (१९७३) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंगात देवी येणाऱ्या वेलिच्चप्पाडाची दारिद्र्याने केलेली परवड त्यात आहे. शेवटच्या प्रसंगात तो रक्ताळलेल्या तोंडाने मूर्तीवर थुंकतो. आज असा प्रसंग चित्रित करायला कुणी धजेल का, हा विचार तो बघताना दर वेळी मनात येतो.

आणि लेखकांना वाचक होते. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५मध्ये त्रावणकोरातली ४७ वाचनालयं एकत्र आणून ग्रंथशाळा संघ उभा केला, त्यातून गावोगाव वाचनालयं झाली. विडी कारखान्यात एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचं आणि बाकीच्यांनी विड्या वळत ऐकायचं, अशी तिथली पद्धत. असा प्रेक्षक तिकीट काढून आला की त्याला काहीही दाखवून भागत नाही. माझ्या मते खरं उत्तर इथे आहे. चांगला लेखक प्रत्येक भाषेत जन्मतो. त्याला जाब विचारणारा प्रेक्षक घडवायला मात्र पिढ्या जातात.

'चेम्मीन'चं एवढं कौतुक का?

चेम्मीन म्हणजे कोळंबी. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवर रामू कार्याट यांनी १९६५मध्ये केलेला हा चित्रपट राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा दक्षिणेतला पहिला चित्रपट ठरला. नवरा दर्यावर असताना किनाऱ्यावरची बायको मनाने ढळली तर समुद्रमाता त्याला गिळते, या समजुतीभोवती कोळ्याची मुलगी करुत्तम्मा आणि मुसलमान व्यापारी परीकुट्टी यांचं प्रेम गुंफलं आहे. ही समजूत कोळी समाजावर लादलेली आहे असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो रास्त वाटतो.

त्याची श्रेयनामावली वाचण्यासारखी आहे. संगीत सलील चौधरींचं, संकलनात हृषीकेश मुखर्जी, कॅमेरा मार्कस बार्टली यांचा, आणि परीकुट्टीचं विरहगीत 'मानसमैने वरू' मन्ना डेंच्या आवाजात. मन्ना डेंचे मल्याळम उच्चार काही अस्सल नव्हते, पण मल्याळी माणसाने ते गाणं काळजात जपलं आहे. मुंबईतली उत्तमोत्तम माणसं आणूनही चित्रपट तसूभर मुंबईचा झाला नाही. मासळीचा वास यावा इतका तो किनाऱ्याचा राहिला.

प्रेम नझीर यांचा विक्रम खरा आहे का?

हो. पाचशेहून अधिक चित्रपटांत नायक आणि शीला यांच्याबरोबर शंभराहून अधिक चित्रपटांत जोडी. आकड्यांपलीकडे त्यांच्या मृदू स्वभावाच्या आठवणी केरळात आजही निघतात. त्याच काळात सत्यन हे दणकट, जमिनीवरच्या भूमिकांचे नट होते. दोघांच्याही ओठांवर बहुतेक गाणी येसुदास यांची.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा यात किती वाटा?

फार मोठा. अडूर गोपालकृष्णन १९६५मध्ये तिथून शिकून परतले आणि त्यांनी मित्रांसह चित्रलेखा फिल्म सोसायटी स्थापन केली. गावोगावी अशा सोसायट्या निघाल्या. ग्रंथशाळांनी वाचक घडवला होता, सोसायट्यांनी प्रेक्षक घडवला. १९७२मध्ये अडूर यांचा 'स्वयंवरम' आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि अभिनेत्री (शारदा) असे चार राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. पुढे 'एलिप्पत्तायम' (१९८१), म्हणजे उंदरांचा सापळा, यात त्यांनी एका कोसळत्या जमीनदारी घरातला निष्क्रिय कर्ता पुरुष असा रंगवला, की आपल्याकडच्या वाड्यांतले काही पुरुष आठवावेत.

के. जी. जॉर्ज, छायाचित्रकार-दिग्दर्शक शाजी एन. करुण, संतोष सिवन, ध्वनिसंयोजक रसूल पुकुट्टी हे सगळे पुण्याचेच. जॉन अब्राहम (याच नावाचा नट वेगळा) तिथे ऋत्विक घटकांचे विद्यार्थी होते. 'अम्मा अरियान' (१९८६) काढताना त्यांनी निर्माता शोधला नाही. 'ओडेसा' नावाचा गट केला आणि गावोगाव फिरून सामान्य माणसांकडून पैसे जमवले. क्राउडफंडिंग हा शब्द आपल्या कानावर पडायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

जी. अरविंदन मात्र कुठल्याच शाळेत गेले नव्हते. रबर बोर्डात नोकरी करायची, 'मातृभूमी'त व्यंगचित्रमाला काढायची आणि त्यातून वेळ काढून चित्रपट. 'कांचनसीता'मध्ये (१९७७) त्यांनी राम आणि लक्ष्मणाच्या भूमिका आंध्रातल्या आदिवासींना दिल्या, आणि सीता दाखवली ती वाऱ्यातून, झाडांतून.

कलात्मक आणि धंदेवाईक यांच्या मधला प्रवाह म्हणतात तो कोणता?

मल्याळम सिनेमाचं मन ओळखायचं असेल तर इथेच रेंगाळा. ऐंशीच्या दशकात भरतन, पद्मराजन आणि के. जी. जॉर्ज यांनी थिएटरात चालणारे, गाणी असलेले, तरीही प्रेक्षकाच्या बुद्धीचा मान राखणारे चित्रपट दिले. जॉर्ज यांच्या 'यवनिका'त (१९८२) फिरत्या नाटक कंपनीतला तबलजी बेपत्ता होतो आणि पोलीस तपासातून कंपनीतलं एकेक माणूस उलगडत जातं. नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला तो परका वाटणारच नाही. त्यांच्याच 'आदामिण्टे वारियेल्लु'मध्ये (१९८४) तीन थरांतल्या तीन बायका आहेत. शेवटी सुधारगृहातल्या बायका दार उघडून धावत सुटतात, आणि वाटेतल्या कॅमेऱ्याला व दिग्दर्शकालाही ओलांडून निघून जातात. पुरुष दिग्दर्शकाने स्वतःच्या मर्यादेची दिलेली इतकी प्रामाणिक कबुली भारतीय पडद्यावर मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मामुट्टी आणि मोहनलाल यांच्यात मोठा कोण?

हा वाद केरळातल्या चहाच्या टपऱ्यांवर चाळीस वर्षं चालू आहे, मी त्यात पडत नाही. एक मामुक्का, एक लालेट्टन. 'इक्का' आणि 'एट्टन' म्हणजे आपला दादा. १९८६ या एका वर्षात दोघांचे प्रत्येकी तिसांहून अधिक चित्रपट आले होते. मराठी वाचकासाठी महत्त्वाचं हे, की जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मध्ये बाबासाहेब मामुट्टी यांनी साकारले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोहनलाल यांना २०२३चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. त्याआधी २००४चा अडूर यांना मिळाला होता.

कोणते हिंदी चित्रपट मूळ मल्याळम आहेत?

'हेराफेरी' म्हणजे 'रामजी राव स्पीकिंग' (१९८९). 'गर्दिश' म्हणजे 'किरीडम' (१९८९). 'हलचल' म्हणजे 'गॉडफादर' (१९९१). 'भूलभुलैया' म्हणजे 'मणिच्चित्रत्ताळु' (१९९३). हे चारही हिंदीत आणले प्रियदर्शन यांनी. जीतू जोसेफ यांचा 'दृश्यम' (२०१३) हिंदीत केला तो 'डोंबिवली फास्ट'वाल्या निशिकांत कामतांनी. मूळ कथा इडुक्कीच्या डोंगराळ भागातल्या ख्रिस्ती कुटुंबाची, कामतांनी ती गोव्यात आणली. ख्रिस्ती ध्यानशिबिराच्या जागी पणजीतला सत्संग आला आणि तिथून 'दो अक्टूबर'ची तारीख साऱ्या देशाला पाठ झाली. हिंदी आवडला असेल तरी मूळ बघा. मोहनलाल यांचा जॉर्जकुट्टी किती साधा दिसतो आणि त्यामुळेच किती भयंकर वाटतो, हे त्यात कळतं.

मधल्या काळात घसरण झाली होती, असं ऐकलं.

झाली होती. नव्वदच्या उत्तरार्धात मिशीला पीळ देणारे सरंजामी नायक आले, बायकांना थोबाडीत मारणं हा टाळ्यांचा प्रसंग झाला. २०००च्या आसपास तर शृंगारिक स्वस्तपटांनीच थिएटरं तगवली. मल्याळम सिनेमाचा इतिहास सलग चढता आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नवी लाट कधीपासून?

राजेश पिळ्ळै यांच्या 'ट्रॅफिक'पासून (२०११) मोजतात. डिजिटल कॅमेऱ्याने खर्च उतरला आणि नवी मंडळी आत आली. 'महेशिण्टे प्रतिकारम' (२०१६), ८६ नव्या चेहऱ्यांचा 'अंगमाली डायरीज' (२०१७), 'कुंबलंगी नाइट्स' (२०१९) हे मला सर्वांत प्रिय. यांत गाव नुसतं मागे दिसत नाही. चिखल, जेवण, बोलीतला हेल यांतूनच कथा पुढे सरकते. २०२४मध्ये 'मंजुम्मेल बॉइज'ने २०० कोटींच्या पुढे मजल मारली. मोठ्या आकड्यांबरोबर मोठे दबाव येतात, याची मला काळजी वाटते.

पडद्यावर एवढे पुरोगामी, मग पडद्यामागे?

पडद्यामागचं चित्र वेगळं आहे. २०१७मध्ये एका अभिनेत्रीवर अत्याचार झाल्यानंतर महिला कलाकारांनी 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' स्थापन केली. त्यांच्या मागणीवरून सरकारने न्या. के. हेमा यांची समिती नेमली. 'स्वयंवरम'च्या शारदा तिच्या सदस्य होत्या. अहवाल २०१९च्या अखेरीस दिला गेला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४मध्ये, तोही काही भाग वगळून. लैंगिक छळ, कामावरून अघोषित बंदी, चित्रीकरणाच्या जागी साधं स्वच्छतागृह नसणं, असं सगळं त्यात आहे. 'द ग्रेट इंडियन किचन'(२०२१) स्वयंपाकघराबद्दल जे म्हणतो, तेच या उद्योगाला लागू होतं. याच कलेक्टिव्हने आपल्या फिल्म सोसायटीला पी. के. रोझीचं नाव दिलं आहे.

'मॉलीवूड' म्हणावं का?

नको. मल्याळम सिनेमा म्हणा, दोनच शब्द आहेत.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मल्याळम आहे का?

बरेच संवाद मल्याळम, हिंदी आणि मराठीही आहे. पायल कपाडिया याही पुण्याच्याच इन्स्टिट्यूटच्या. २०२४मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री मिळालं. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सची ही गोष्ट. आजारपणात आपल्या उशाशी बसलेल्या, 'अम्मे' म्हणून फोनवर आईशी बोलणाऱ्या त्या बायकांकडे आपण कधी नीट पाहिलं नाही, याची बोच तो लावतो. छाया कदम यांची पार्वती शहरातलं घर सोडून कोकणातल्या गावी परतते आणि त्या दोघी तिच्याबरोबर जातात. मल्याळम आणि मराठी आयुष्यं एकाच चित्रचौकटीत इतक्या सहज मी पहिल्यांदाच पाहिली.

सुरुवात कुठून करू?

घरच्यांबरोबर बघायचा असेल तर 'कुंबलंगी नाइट्स'. जुनं काही हवं असेल तर 'यवनिका', आणि मन शांत असलेल्या दिवशी 'एलिप्पत्तायम'. घरात मुलं असतील तर अरविंदन यांचा 'कुम्माट्टी' (१९७९). त्याची मूळ निगेटिव्ह उरली नव्हती. पुण्याच्या संग्रहालयातल्या जुन्या प्रिंटवरून मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने परदेशी संस्थांच्या मदतीने २०२१मध्ये तो पुन्हा उभा केला. दाढीवाला कुम्माट्टी गावात येतो, गाणी म्हणत पोरांना प्राणी करून टाकतो. एक मुलगा कुत्रा होऊन पळतो आणि परत माणूस व्हायचं राहूनच जातं. तो वर्षभर कुत्राच राहतो, आई त्याला ओळखून भरवते. सबटायटल वाचता न येणाऱ्या मुलांनाही यातलं सगळं कळतं. शेवटी तो मुलगा घरातल्या पिंजऱ्याचं दार उघडतो. तिथे टीव्ही लगेच बंद करू नका, पक्षी उडेपर्यंत थांबा.